न मोडता येणारे पैसे

माझ्या बीडच्या ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, "अडीनडीला मोडता येतं ना?" गुंतवणुकीचा सल्ला देता देता हा प्रश्न मला पाठ झालाय. लिंबागणेशचे आश्रुबाकाका मात्र उलटंच मागत होते.

"ताई, असं कायतरी सांगा की मधात मोडताच येऊ नये. अन् सगळं हिच्या नावानं."

'हिच्या' म्हणजे शेजारी पदर सावरून बसलेल्या चंद्रभागामावशींच्या. काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून एकोणीस लाख आलेले. दोन्ही लेकी आपापल्या घरी. काकांना हवी तशी पेन्शन योजना होती माझ्याकडे. एकदा भरलं की मुद्दल विसरायचं, मावशींना मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम. पण सगळेच्या सगळे तिथं कोण घालतं? मी म्हटलं, दवाखान्यासाठी पाच लाख बँकेत मोकळे ठेवू.

"दवाखान्याला एक रुपाया ठेवू नका."

माझं डोकं फिरलं. आजारपण काय तुम्हाला विचारून येणार आहे का, असं मी चढ्या आवाजात बोलून गेले. काकांनी मावशींना पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"आलंय, ताई. अंबाजोगाईला तपासलं. लिवरचा कॅन्सर हाय. डॉक्टर म्हणले इलाज करून बघू, पर खात्री न्हाई. हिला ठाव न्हाई अजून. कळलं तर अंगावरचं बी मोडून घालील माझ्यापायी. मी तर जाणारच, अन् मागं ही लेकींच्या दारात..."

मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

"मला ठाव हाय." मावशी दारात उभ्या होत्या, हातात भरलेली बाटली. "तुमचे कागद जावयाकडून वाचून घेतले. पंधरा दिस झाले."

मावशी माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पेन्शनीच्या अर्जावर सही माझी लागंल ना? मग लिवा. दवाखान्याला पंधरा, पेन्शनीला चार."

"पंधरा कावून? तीन लई झाले," काका म्हणाले.

"बारा."

"पाच. तुला अजून वीस वर्सं काढायची हायेत."

"कुणासाठी काढू?" मावशींनी विचारलं.

पैशावरून भांडणारे नवराबायको मी पुष्कळ पाहिलेत, जो तो आपल्याकडे ओढणारा. हे दोघं एकमेकांकडे लोटत होते. मला रडू येत होतं, म्हणून मी कॉम्प्युटरकडे बघत बसले.

शेवटी दवाखान्याला नऊ, पेन्शनीला दहा असं ठरलं.

"नऊ वाया गेले म्हणून समज," काका म्हणाले.

"जाऊ द्या." मावशींनी पेन घेतलं, एकेक अक्षर जोडत सावकाश सही केली. मग काकांकडे न बघताच विचारलं, "अंबाजोगाईला उद्या जायचं का परवा?"

काकांनी पाण्याची बाटली उघडून दोन घोट घेतले.

"उद्या," ते म्हणाले.