चार वर्षं की नऊ

रियाधहून तीन आठवड्यांची रजा काढून मी फिलिपिन्सला, आमच्या इलोइलोला आले ती भांडायला. माझी भाची क्रिझेल बारावी झाली होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्याकडे त्यासाठी आधी चार वर्षांची दुसरी पदवी घ्यावी लागते, तिला प्री-मेड म्हणतात. मनिलाच्या विद्यापीठात तिला जीवशास्त्राला जागा मिळाली होती. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ एल्मर मात्र तिला गावातच नर्सिंगला घालायचं म्हणून हटून बसला होता.

"नर्सिंग पण प्री-मेडच की, मनांग," बाचोयचं सूप भुरकत तो म्हणाला. "पुढे डॉक्टर झाली तर उत्तमच. नाही झाली तर परदेशाचं विमान आहेच."

"त्याच विमानातून आलेय मी. मला नको शिकवूस."

मीही नर्सिंग घेतलं ते प्री-मेड म्हणूनच. चार वर्षं नर्सिंग, मग मेडिसिन. आईने तर गल्लीभर मला आधीच डॉक्टर करून टाकलं होतं. मग वडील अंथरुणाला खिळले. वर्षभर रियाधला नर्स म्हणून जाऊन ये, म्हणाले सगळे. त्या वर्षाला यंदा एकवीस वर्षं होतील. बरोबरच्या साठ मुलींपैकी एकही डॉक्टर झाली नाही. हे सगळं मी त्या जेवणात क्रिझेलला घसा फोडून सांगितलं. पोरगी मान डोलवत ऐकत होती. मला वाटलं, पटलं हिला.

सोमवारी सकाळी ती आपल्या आत्याला, म्हणजे मला, म्हणाली, "टिटा, चल ना, प्रवेशाचं उरकून येऊ." मनिलाची जागा त्या दिवशी पाचपर्यंतच राखून ठेवलेली होती. कुठल्यातरी दाखल्याचं काम असेल म्हणून मी निघाले. जीपनीतून उतरलो ते नर्सिंग कॉलेजच्या दारात.

"हे तुझ्या बापाने पढवलंय ना?" रांगेतच माझा आवाज चढला.

"पापांना अजून वाटतंय मी पुढे डॉक्टर होणार. तू त्यांना सांगू नकोस हं."

"म्हणजे?"

"तूच म्हणालीस ना, नर्सिंगनंतर कुणी मेडिसिनला जात नाही. मला माहीत आहे, टिटा. तरीही घेतेय."

"अगं वेडे, मी मर मर मरतेय कशासाठी तिकडे?"

"तेच तर." ती हळू बोलायला लागली, कारण पुढच्या बायका वळून बघत होत्या. "डॉक्टर व्हायला नऊ वर्षं. तेवढी वर्षं तू तिकडे पेशंट उचलत राहणार. परवा विमानतळावर तुला स्वतःची पेटी उचलता आली नाही. टॅक्सीवाल्याशी उगाच भांडलीस, ते मला कळू नये म्हणून. न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

"गुडघे सगळ्यांचेच दुखतात."

"नर्सिंगला चार वर्षं. मग मी कमावते. तू घरी ये, पाय वर करून बस आणि पापांना शिव्या घाल."

ती हसली. मला हसता येईना. दहा वर्षांची असताना ती गल्लीतल्या कुत्र्यांच्या पायांना पट्ट्या बांधत फिरायची आणि म्हणायची, मी नुसती पट्टी बांधणारी नाही, काय झालंय ते ओळखणारी होणार.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "खर्च कोण करणार? त्यांची सही इथे."

खर्च मीच करणार होते, म्हणून सही माझी लागणार होती. मी पेन खाली ठेवलं असतं, तर काम तिथेच थांबलं असतं. अकरा वाजले होते, पाचला पुष्कळ अवकाश होता. घरी जाऊन मनिलाला होकार कळवायला दहा मिनिटंही लागली नसती.

आणि तेव्हाच माझ्या मनात आलं, चारच वर्षं. मग रोज सकाळी इथे, आपल्या घरात जाग येईल. गजर नाही, वॉर्ड नाही. मला आनंद झाला. तिला अडवायला समुद्र ओलांडून आलेल्या मला, देवाशपथ, आनंद झाला. मी सही केली.

परतताना जीपनीत मला रडू आवरेना. क्रिझेलला वाटलं, मी तिच्यासाठी रडतेय. "असू दे गं, टिटा," म्हणत ती घर येईपर्यंत माझी पाठ चोळत राहिली.