न फोडलेली पाकिटं

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. कोलकात्याच्या बालीगंजमधल्या एका मराठी घरात, तिसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम आहे. पाय सागवानी, भोवती सहा खुर्च्या आणि स्वभाव जरा तिरसट. मित्रांनो, वर्षानुवर्षे माणसांना जेवताना बघितले की कुणीही तिरसट होईल.

माझा जन्म बऊबाजारच्या एका सुताराच्या दुकानात झाला. कॉलेजात शिकवणाऱ्या मनोहररावांनी मला हौसेने घरी आणले. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई माझ्यावर ताटे मांडत. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. रोज एकच भाजी आणि एकच आमटी. त्यांचा मुलगा सलील कारल्याकडे बघून नाक मुरडायचा, पण शेवटी मुकाट्याने खायचा, कारण घरात दुसरे काही नसायचेच. "आमचा सलील पानात काही टाकत नाही," असे सुनीतीबाई चारचौघांत कौतुकाने सांगायच्या. त्यांना वाटायचे, हे संस्कार. मला विचाराल तर निम्मे संस्कार आणि निम्मा पगार.

पुढे मनोहरराव गेले. सलील मोठ्या कंपनीत लागला आणि त्याची बायको श्वेता एस्प्लनेडच्या एका बँकेत. घरात पैसा आला, पण एकत्र बसून जेवायला वेळ मात्र कुणाजवळ उरला नाही. बाकी कुणाचे नाही, पण माझे हाल झाले! माझ्यावर लॅपटॉप आले, चार्जर आले, आणि कोपऱ्यात पाकिटांची एक मोठी टोपली आली. चिप्स, क्रीमची बिस्किटे, मसाला नूडल्स. ती टोपली सुश्रुतसाठी होती. सुश्रुत म्हणजे सलीलचा मुलगा. आई-बाबा दिवसभर घरात नाहीत, निदान त्याला आवडते ते तरी मिळावे, एवढाच श्वेताचा विचार. तिच्या मनात खोट नव्हती. पण पोराची गत 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' अशी झाली. भाजी दिसली की तो म्हणायचा, "आजी, हे नको. मला अच्छा नाही लागत."

स्वयंपाकाला वृंदा यायची. पहाटेची लोकल धरून ती गावाहून बालीगंज स्टेशनला उतरायची. शाळेला सुट्टी असली की तिची मुलगी पुतुलही सोबत असायची. सुश्रुतच्याच वयाची. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून आपला डबा उघडायची. डब्यात रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, कांदा, हिरवी मिरची आणि तळ्याकाठी खुडलेली कलमीची पालेभाजी. मित्रांनो, ती पोर इतकी चवीने खायची की रिकाम्या खुर्च्यांचा मला राग यायचा. त्यातली एक तिला द्यायला काय हरकत होती? पण टेबलाला कोण विचारतो!

एकदा सुश्रुतच्या ताटात बरीच भाजी-पोळी उरली. श्वेता म्हणाली, "पुतुलला देऊ का? वाया कशाला घालवायचं?"

सुनीतीबाई एकदम ताठ झाल्या. "अजिबात नाही! आपल्या घरात कुणाला उष्टं देत नाहीत. शिळंसुद्धा नाही. द्यायचं तर चांगलं द्यावं, न फोडलेलं."

श्वेताला ते पटले. तिने टोपलीतून चिप्सचे एक कोरे पाकीट काढले आणि पुतुलच्या हातात ठेवले. पोरीचा चेहरा असा खुलला की सुनीतीबाईंचेही डोळे निवले. त्या दिवसापासून तो घरचा रिवाजच झाला. पुतुल आली तर तिच्या हातात, नाही आली तर वृंदाच्या पिशवीत, रोज एक पाकीट. वृंदा पहिल्यांदा संकोचली, मग हसून घेऊ लागली. मोठ्या घरची मुले जे खातात तेच आपली मुलगी खाते, याचा तिला अभिमान वाटायचा. कुठल्या आईला वाटणार नाही?

ताज्या भाताची, वरणाची वाटी द्यावी, असे मात्र कुणाला सुचले नाही. पोरीचा डबा हळूहळू भरलेलाच परत जाऊ लागला. पुढे तर ती डबा आणीनाशी झाली. उंबऱ्याशी बसून ती टोपलीकडे बघत राहायची. तिचे गाल बसले, तोंडाच्या कडा चिरल्या. मी हे सगळे रोज बघत होतो. बोलता आले असते तर ओरडलो असतो.

या पावसाळ्यात सुश्रुत शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी रक्त तपासले. अंगाने गुबगुबीत असलेल्या या मुलाच्या रक्तात काही जीवच नव्हता. पाकिटे बंद करा, पालेभाजी आणि डाळभात द्या, असे त्यांनी बजावले. टोपली त्याच दिवशी उचलली गेली. वृंदाने लाल माठाची भाजी केली, वरण-भात केला. सुश्रुतने तोंड घट्ट मिटून घेतले. श्वेता रडकुंडीला आली.

तेव्हा सुनीतीबाईंना आठवण झाली. "अगं, पुतुल आलीय ना? तिला बोलाव. ती पालेभाजी किती आवडीने खाते! तिला बघून हाही खाईल."

आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुतुल माझ्यापाशी येऊन बसली. सुनीतीबाईंनी तिच्यापुढे नवे ताट मांडले. गरम भात, वर तूप, बाजूला लालचुटूक भाजी. सगळे तिच्याकडे बघत होते. सुश्रुतही बघत होता.

पुतुलने भाजीला बोट लावले आणि ताट हळूच दूर सरकवले. मग टोपलीच्या रिकाम्या जागेकडे बघून तिने बारीक आवाजात विचारले, "पॅकेट नाई?"

"अगं, तुला तर आवडायची ना ही भाजी?" सुनीतीबाई गडबडून गेल्या.

वृंदा दारात उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता. "अब नहीं खाता है, मासीमा. घर में भी नहीं खाता. इतना दिन तो आपका घर का ही खाया है ना."

सुनीतीबाई खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. माझ्यावर दोन ताटे होती आणि दोन्हींतला भात निवत होता. सुश्रुतसाठी उद्या दुसरे डॉक्टर येतील, पुन्हा तपासण्या होतील. पुतुलचे रक्त कोण तपासणार?

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे टेबल असेल, नाहीतर जमिनीवर पाने मांडत असतील. कुणाला काही द्यावेसे वाटले तर पाकीट हातात ठेवून मोकळे होऊ नका. त्याला आपल्याबरोबर पानावर बसवा, आणि त्याला भाताची भूक आहे तोवर बसवा. आम्ही त्या मुलीला फार उशिरा बोलावले.