फिल्मवरचे ऐंशी

मित्रांनो, मी एक जुने एक्स-रे यंत्र आहे. सौराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात जिन्याखाली पडून असते. माझ्यावर चादरी वाळत घालतात. घालू द्या. कातडे मला दिसत नाही, हाडे तेवढी दिसतात, एवढाच माझा गुण. मला चालवणारे वजुभाई मात्र कातडेच पाहत.

एकदा जेठाबापा आपल्या नातीला, कंकूला घेऊन आले. मागे तोंडावर पदर ओढलेली सून, कंकूची आई रतन. कंकूला जन्मापासून अकाली म्हातारपणाचा दुर्मिळ आजार होता. डोक्याला केस नाहीत, अंगाला सुरकुत्या, आणि आता छातीत दुखायचे. शहरातल्या डॉक्टरांनी फिल्म पाहून बोलावले तरच पुढचे उपचार होणार होते. पण जेठाबापांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरत होते, आणि घरात असले मूल आहे हे व्याह्यांच्या कानी जायला नको होते. त्यांनी बेधडक सांगितले, ही माझी थोरली बहीण. फिल्मवर वय उमटावे म्हणून वजुभाईंनी शिशाचे आकडे लावले, ऐंशी. सासऱ्यासमोर सुनेने बोलायचे नसते, म्हणून रतन गप्प राहिली.

“बा, श्वास धरा,” वजुभाई म्हणाले. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात.

“मला बा नका म्हणू,” कंकू म्हणाली. “मी नऊ वर्षांची आहे.”

वजुभाई हसले. “म्हातारपणी असंच होतं. माझी आई शेवटी बाहुली मागायची.”

जेठाबापाही हसले.

मी काय पाहिले, सांगते. डॉक्टरांनी छातीबरोबर हाताचा पंजाही एकाच फिल्मवर मागितला होता. गळ्याजवळची हाडे झिजून काडीएवढी झाली होती, बोटांची टोके विरघळली होती. पण बोटांच्या मुळाशी वाढत्या मुलांच्या हाडांत असते ती फट अजून उघडी होती. मी सगळे इमानाने उमटवले.

डॉक्टरांनी आधी आकडा वाचला. ऐंशीच्या बाईला मुलांची हाडे कशी? त्यांनी फिल्म परत पाठवून कळवले की यंत्र बिघडले आहे, दुरुस्त करून पुन्हा काढा. माझ्या खोलीला कुलूप लागले. कारागीर दोन महिन्यांनी आला. त्याला दोष काही सापडला नाही.

कुलूप निघाले त्या दिवशी रतन एकटीच आली. तोंडावर पदर नव्हता. हातात तीच फिल्म होती.

“हा आकडा काढून द्या, भाई. माझी कंकू नऊ वर्षांची होती.”

“होती?” वजुभाईंनी विचारले.

“नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गेली. घरात तिचा फोटो कुणी काढू दिला नाही. माझ्याजवळ एवढंच आहे.”

वजुभाईंनी ब्लेड घेतले. शिशाचा आकडा फिल्मवर कोरा उमटतो, तिथे खरवडायला काही नसते. कापावा तर कंकूची करंगळी जात होती. शेवटी रतन ऐंशीसकट लेक घेऊन घरी गेली.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, झाकणही नको. फक्त एखादे पोर आपले वय सांगेल, तेव्हा हसू नका. सांगेल तेच लिहा.