बोटभर माया

शिंप्याचं डोकं फिरलं होतं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. बायको जाऊन थोडेच महिने झालेले, आणि जो येतो तो सांगतो, झाडाझुडपांत फिर, मन हलकं होईल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता जन्मभर मान खाली घालून मशीन चालवलेल्या माणसाला झाडं काय सांगणार, डोंबल? पण थोरली बहीण हटूनच बसली. रोज संध्याकाळी दुकानात येऊन ती दिवा बंद करायची आणि त्याला बखोटीला धरून बागेत न्यायची.

बागेत तो नुसता धुसफुसायचा. बाक टोचतो, पाखरं कलकलाट करतात, गवत ओलं. ताई म्हणायची, बघ किती हिरवंगार आहे. तो म्हणायचा, हिरवं कापड दुकानात ढीगभर पडलंय.

खरं दुखणं दुकानातलं होतं. कापड बेतताना शिवणीत बोटभर जास्तीचं ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस अंगाने सुटला की शिवण उसवायची, मायेतलं कापड सोडायचं, कपडा पुन्हा अंगाला येतो. नवशिक्यालाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि हा, सगळी हयात या धंद्यात घालवलेला माणूस, बायको गेल्यापासून माया ठेवायलाच विसरू लागला. मापाला माप कापून मोकळा. मास्तरांची पँट बसता बसता उसवली, शेजारणीचा झगा डोक्यातून खाली उतरेना. गिऱ्हाईकं आधी चिडली, मग हसली, मग यायचीच बंद झाली.

आता एकच काम उरलं होतं, बँकेतल्या साहेबांचा कोट. ताईने त्या दिवशी बागेत बसल्या बसल्या सुनावलं, की हा कोट बिघडला तर दुकानाला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे येऊन नातवंडं सांभाळायची. बोलली प्रेमाने, पण याला ते झोंबलं. दुकान गेलं, तर आपण कोण उरतो?

संतापून तो उठला आणि वाट फुटेल तिकडे चालू लागला. ताई मागोमाग. वळणावर एक झाड होतं. ते रोपटं असताना कुणीतरी पाटी अडकवायला बुंध्याला तार बांधली होती. पाटी कधीच पडली, तार तशीच राहिली. झाड वाढलं, तार सालीत रुतली. वर फुगवटा, खाली फुगवटा आणि मधे आवळलेली कंबर. शिंप्याने तारेखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"कुणा गाढवाने बांधली ही?" तो कडाडला. "वाढणारी वस्तू आहे, कळत नाही? जरा माया ठेवायला काय झालं होतं?"

फिरायला आलेले लोक वळून बघू लागले. ताई म्हणाली, हळू बोल. तो कसला ऐकतोय? नखांनी तारेचा पीळ सोडवायला लागला. गंज बोटांत घुसला, रक्त आलं, तरी हा मागे हटेना. शेवटी ताईनेच केसांतली पिन काढून दिली. बऱ्याच वेळाने तार तुटली.

तो तार हातात धरून उभा राहिला.

"तिचं आयुष्यही असंच कापलं गं, ताई. मापाला माप. बोटभरसुद्धा जास्त नाही ठेवलं. मग मी तरी लोकांसाठी का ठेवू?"

म्हणजे हा विसरत नव्हता तर. ताईला आता कळलं, आणि बहुतेक त्यालाही तेव्हाच कळलं.

तो झाडाला टेकून ओल्या गवतातच बसला आणि ओक्साबोक्शी रडला. बायको गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. ताई त्याच्याशेजारी बसली. अंधारून येऊ लागलं तसं तिने भीत भीत विचारलं, जाऊया का घरी?

"कोट उद्या बेततो," तो म्हणाला. "आज बसू दे."