जीपमधला माळा

समजा, तुम्ही जीपच्या मधल्या सीटवर बसला आहात. तुमच्या पाठीमागे बर्फाचा मोठा डबा आहे, पाण्याचे कॅन आहेत, तंबू आहे, शेगडी आहे. जीप घाट उतरते आहे. वळणावर एक म्हैस रस्त्यात येते आणि ब्रेक लागतो. चाकं थांबली, जीप थांबली. पण डब्याला थांबायला कुणी सांगितलं? तो आपला निघालेलाच आहे, पुढे, थेट तुमच्या डोक्याच्या दिशेने. आलं डोळ्यांसमोर? मग मोनालीच्या आईचं म्हणणं पटायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

मोनाली दहा वर्षांची. सीवूड्स स्टेशनपासून थोडं आत, करावे गावात राहते. तिचे आजोबा, गणू, जन्मभर खाडीत होडी घेऊन गेले. बाबा, प्रणय, लहानपणी त्याच होडीवर आजोबांच्या हाताखाली शिकले आणि आता ऐरोलीला कंपनीत संगणकावर बसतात. सुट्टी मिळाली की मात्र ते जुनी जीप काढून डोंगरात जातात. मागच्या हिवाळ्यात असाच एक बर्फाचा डबा मधल्या सीटवरून उडून पुढे आला होता. नशिबाने सीटवर फक्त गोधडी होती. घरी आल्यावर आईने, अमिताने, आरडाओरडा केला नाही. सामान हलायचं थांबेल त्या दिवशी पोर गाडीत बसेल, एवढंच तिने सांगितलं. झालं. पठारावर तंबूत झोपायचं मोनालीचं स्वप्न तिथेच अडकून पडलं.

या वर्षी बाबांनी ठरवलं, जीपच्या मागच्या भागात माळा करायचा. घरात असतो तसाच, फक्त बुटका: वर सामान ठेवायला सपाट फळी, खाली हत्यारं आणि शेगडी ठेवायला ओढायचे खण. लोखंडी चौकट त्यांनी नावड्याच्या एका वर्कशॉपमधून वेल्ड करून आणली आणि अंगणात कामाला सुरुवात केली. मोनाली पाने आणि नटबोल्ट हातात देत होती, आणि दर दोन मिनिटांनी एक प्रश्न विचारत होती.

मागचे बाक काढल्यावर जीपच्या तळाला त्यांच्या बोल्टची भोकं उरली होती. चौकटीचे पुढचे पाय त्यांच्यावरच बसवले. मागच्या पायांसाठी मात्र नवी भोकं पाडायची होती. बाबांनी ड्रिल उचललं, आणि खाली ठेवलं. आधी ते पाठीवर झोपून गाडीखाली शिरले. डिझेलची टाकी कुठे संपते, ब्रेकची नळी कुठून जाते, हे त्यांनी पाहिलं, मोनालीलाही वाकून पाहायला लावलं, आणि मगच भोकं पाडली. खाडीची हवा खारी, उघडं लोखंड लगेच गंजतं, म्हणून भोकांच्या कडांना रंग लावला. तळाखालून प्रत्येक बोल्टला लोखंडाची जाड पट्टी दिली. ती कशाला, असं मोनालीने विचारलं, तेव्हा बाबांनी स्वतःच्या शर्टाचं बटण ओढून दाखवलं. नुसत्या पातळ कापडावर बटण लावलं तर ओढल्यावर कापडच फाटतं. म्हणून शिंपी मागून एक तुकडा जोडतो. जीपचा पत्राही तसाच पातळ असतो. ओढ एका टिकलीएवढ्या जागेवर न पडता ताटलीएवढ्या जागेवर पडली पाहिजे.

माळा बसला. बाबांनी त्याला धरून गदागदा हलवलं, तर अख्खी जीप हलली. वर बर्फाचा डबा भरून ठेवला, तोही सीटच्या पाठीपासून चारच बोटं मागे, कारण जड वस्तू जितकी पुढे तितकी बरी. मग त्यांनी फळीला लावलेल्या लोखंडी कड्यांमधून नायलॉनची दोरी ओवून डबा बांधला. आजोबांनी गाठ बोटाने चाचपली आणि मान डोलावली.

मोनालीने शाळेच्या दप्तरातून खडू आणला. माळ्याच्या प्रत्येक पायाभोवती एक रेघ मारली आणि डब्याभोवती एक. रेघ काय खोटं बोलणार नव्हती.

खाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर चाचणी झाली. बाबा एकटेच जीपमध्ये, बाकी सगळे कडेला. जीप खड्ड्यांतून उसळत आली आणि ब्रेक लागला. मोनाली धावत गेली आणि मागचा दरवाजा उघडला. पायांच्या रेघा जशाच्या तशा होत्या. डबा मात्र रेघ ओलांडून सीटच्या पाठीवर आदळला होता.

चार बोटंच तर सरकलाय, असं बाबा म्हणाले.

"चार बोटं?" आई म्हणाली. "पळायला अंगण दिलंय तुमी त्याला."

बाबांनी दोरी सोडून पुन्हा बांधली. जीप पुन्हा आली, डबा पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा बांधताना मोनाली बाबांच्या हातांकडे बघत राहिली. ते दोरी ओढून आवळत होते, आणि शेवटची गाठ मारायच्या आधी त्यांचं मनगट जरासं सैल पडत होतं. दर वेळी, अगदी तेवढंच. त्यांना ते कळतही नव्हतं.

"बाबा, तुम्ही शेवटी दोरी सोडता."

"सोडायलाच पायजे," बाबांच्या आधी आजोबाच बोलले. "पानी चरलं-उतरलं तर होरीला हलायला जागा नको? आवळून बांधली तर खुंट्याला टांगून राहील."

खरंच होतं. बंदरावर होडी बांधताना भरती-ओहोटीसाठी दोरीला ढील ठेवावीच लागते. प्रणयच्या हातांना ती सवय लहानपणी लागली होती आणि हात ती विसरले नव्हते.

मोनालीने जीपच्या खाली वाकून पाहिलं. मग सरळ उभी राहिली.

"पण आजा, इथं पानी कुठं हाय?"

आजोबांनी डब्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. लेकाच्या पाठीत एक थाप मारून ते म्हणाले, "पोरीचं बरोबर हाय रे. ही होरी बांधायची गाठ. होरीतला नांगर कसा बांधतो आपन? जखडून. डबा म्हंजे नांगर, होरी नाय."

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत टेम्पोवाले वापरतात तसे पट्टे पडून होते, दांडी कटकट मागेपुढे करून आवळायचे. दोरीवरच जास्त भरवसा, म्हणून ते कधी बाहेर आलेच नव्हते. आता दोन पट्टे डब्यावरून फुलीसारखे टाकले आणि दांडी हलेनाशी होईपर्यंत आवळले. मोनालीने ओल्या फडक्याने जुनी रेघ पुसली आणि नवी मारली.

या खेपेला बाबांनी ब्रेक मुद्दाम जोरात दाबला. धूळ बसल्यावर आई स्वतः मागे गेली. तिने वाकून रेघ पाहिली, डब्याच्या चारी बाजूंनी बोट फिरवलं, दोन्ही हातांनी डबा ओढून पाहिला. मग ती बाजूला झाली आणि मधल्या सीटचं दार उघडलं.

"बस," ती म्हणाली.

मोनाली चढून बसली. कमरेचा पट्टा लावला, आणि त्याचं उरलेलं टोक ओढत राहिली, पोटाशी बोटभरही ढील उरेनाशी होईपर्यंत. मग खिशातून खडू काढला आणि काळ्या सीटवर स्वतःभोवती एक रेघ मारली.