शेवटचे तीन आकडे

रुखमाबाईने तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली आणि शालिकराम खुर्चीतून अर्धवट उठला. नवऱ्याला जाऊन महिना झाला नव्हता, आणि बाई रामटेकहून एस.टी.ने आली होती कशाला, तर त्याचे उपकार मानायला!

"तुमी त्यायले कधी लाइनीत ताटकळत नाही ठेवलं, बाबूजी. घरचा चिन्नोर तांदूळ हाये. ठेवून घ्या."

शालिकराम धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात सोळा वर्षं रेकॉर्डबाबू होता. त्याच्याकडे दोन रजिस्टरं, एक केसपेपरांचं आणि एक एक्स-रेचं. रोग्याचा नंबर लांबलचक; आधी गाव, मग साल, मग आकडे. रामटेक-७६-२१४. दोन्हीकडचा नंबर जुळवून एक्स-रेचा फोटो कागदाला लावायचा, एवढंच काम. पण रांग दारापर्यंत जायची, आणि शालिकरामचा हात मोठा चलाख. गाव बघायचा आणि शेवटचे तीन आकडे. मधलं साल वाचत बसायला सवड कोणाला? डॉक्टर म्हणत, शालिकराम म्हणजे मशीन आहे मशीन. त्या कौतुकानेच घात केला.

आकडे दर जानेवारीत पुन्हा एकपासून सुरू होत. रामटेकचा २१४ गेल्या वर्षीही एक होता, बरा होऊन घरी गेलेला. मार्चमध्ये यंदाचा २१४, म्हणजे रुखमाबाईचा नवरा बळीराम, खोकत आला, आणि शालिकरामने त्या बऱ्या झालेल्या माणसाचा फोटो त्याच्या कागदाला लावून दिला. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. बळीराम बिचारा खोकल्याची बाटली घेऊन हसत घरी गेला. दिवाळीत परत आला तो रक्त ओकतच. नवा फोटो ठेवायला शालिकरामने कपाट उघडलं, तर मार्चचा खरा फोटो तिथेच पडलेला. त्याने तो खणात दडवला. कोणी विचारलं नाही.

आताही गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. पण पिशवी समोर होती.

"बाई, हा तांदूळ मले नका देऊ," तो म्हणाला. "मार्चमंधी मी त्यायच्या कागदाले दुसऱ्याचा फोटो लावला. माह्यामुळं इलाज राहून गेला."

त्याने खणातून फोटो काढून दिला. रुखमाबाई रडली नाही. खिडकीच्या उजेडात फोटो धरून ती छातीवरच्या डागाकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा तरी त्यायचाच हाये ना?"

"त्यायचाच."

"मंग नाव लिवा यावर. नंबर पुरा लिवा."

शालिकरामने फोटो पाकिटात घातला आणि पाकिटावर नाव आणि पुरा नंबर लिहिला. तिने पाकीट पदराखाली घेतलं आणि निघताना तांदळाची पिशवीही उचलली. ती नेली याचं शालिकरामला बरंच वाटलं.

रांग खोळंबली होती. त्याने पुढचा कागद घेतला. गाव वाचलं, साल वाचलं, आकडे वाचले, आणि पुन्हा गावापासून सुरुवात केली.

"काहून गा बाबूजी, आज एवढा टाइम लावून राहिले?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

शालिकरामने बोट सालावर ठेवलं आणि आकडे पुन्हा एकदा वाचले.