मुलांनी टाकलेली बाई

फोटोग्राफीच्या वर्गात सरांनी एकाच म्हाताऱ्याचा चेहरा तीन तऱ्हांनी भिंतीवर दाखवला. पहिल्यात तो नुकताच दाढी करून आल्यासारखा मऊसूत. दुसऱ्यात जुन्या फोटोसारखा पिवळसर. तिसऱ्यात रंग काढून टाकलेले, सुरकुत्या सुरीने चिरल्यासारख्या, नाकावरचं भोक न् भोक उघडं आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिव्यासारखा पेटवलेला.

"स्टाइल निवडा," सर म्हणाले. "एकदा निवडली की सगळे फोटो त्याच स्टाइलमध्ये. तीच तुमची ओळख."

सगळ्यांनी तिसरी निवडली. तो म्हातारा कोण, त्याला यांतलं कोणतं तोंड आपलं वाटलं असतं, हे कुणी विचारलंच नाही.

या वर्गात मला आणलं माझ्या जावयांनी. आमचे हे गेल्यावर मी लेकीकडे राहायला आले. जावयांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला आणि म्हणाले, "आई, तुम्ही तर फोटोवाल्याच्या घरातल्या. चला माझ्याबरोबर, घरात बसून काय करणार?" माणूस वाईट नाही. माझ्या डोळ्यांवर सकाळचं ऊन येतं म्हणून स्टुलावर चढून पडदा त्यांनी स्वतः लावून दिला होता. मीही हौसेने निघाले.

माझ्या वडिलांचा स्टुडिओ म्हणजे रस्त्यावरची एक लांबट खोली. दाराशी आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट. गावातले निम्मे पुरुष त्याच एका कोटात टिपले गेले आहेत; कुणाला तो खांद्यात उतरायचा, कुणाची बटणं लागायची नाहीत, मग पाठीमागून चिमटे लावायचे. ते काम माझं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की वडील आधी विचारायचे, "फोटो कुणाला पाठवायचाय?" आईला पाठवायचा असेल तर निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल फिरवून गाल थोडे भरायचे, म्हणजे म्हातारीला पोर खाऊन-पिऊन सुखी वाटावं. नोकरीसाठी असेल तर भुवया ठळक करायच्या. खोटेपणा होताच, नाही असं नाही. पण तो स्टुलावरच्या माणसाच्या सांगण्यावरून केलेला होता, आणि फोटो घेऊन तो माणूस खूश होऊन घरी जायचा.

असो. एका रविवारी सरांनी आम्हाला रस्त्यावर सोडलं. बसस्थानकामागच्या बाजारात आम्ही दहा-बाराजण गळ्यात कॅमेरे अडकवून फिरत होतो. तरणंताठं, नीट कपड्यांतलं माणूस समोरून गेलं तर कुणी बघायचंही नाही. दात पडलेलं, लंगडणारं, फाटकं कुणी दिसलं की सगळे माशांसारखे घोंगावत जायचे. आमच्यात एक निवृत्त इंजिनिअर होते. बाकावर एक हमाल तोंड उघडं टाकून झोपला होता, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर यांनी कॅमेरा धरला. हमालाच्या ओठांवरून लाळ ओघळत होती.

"अहाहा, काय टेक्श्चर आहे!" इंजिनिअर म्हणाले.

मला वाटलं, यांच्या बायकोने यांना असं झोपेत टिपून दिवाणखान्यात लावावं.

मी बटणं आणि चेना विकणाऱ्या एका बाईला विचारलं, "फोटो काढू का हो?"

"थांबा की, केस तरी नीट करू द्या." तिने केस बसवले, तोंड पुसलं, टोपलीतली लाल बटणं वर आणली. "लेकाला पाठवीन. तो म्हणतो, तू फोटोत कायम भांडायला निघाल्यासारखी दिसतेस."

"मग नका भांडू."

ती खळखळून हसली आणि मी फोटो काढला.

मागून इंजिनिअर म्हणाले, "आजी, हे काय पासपोर्टचं काम काढलंत?" बाकीचे फिदीफिदी हसले. जावईही हसले.

माझे पाय भरून आले होते. एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसले, कॅमेरा शेजारी ठेवला, बूट काढून अंगठा चोळला. ऊन लागत होतं म्हणून शाल डोक्यावरून घेतली आणि पिशवीतला जॅम लावलेला पाव खाऊ लागले. एक दाढ दुखत होती, म्हणून तोंड वाकडं करून एकाच बाजूने चावत होते.

पुढच्या वर्गात प्रत्येकाचा एकेक फोटो भिंतीवर आला. त्यांतले काही निवडून वर्गाच्या प्रदर्शनात लागणार होते. हमालाची लाळ आली, चार फूट उंच. माझी बटणंवाली आली तेव्हा सर म्हणाले, "छान, छान," आणि लगेच पुढे गेले. शेवटी जावयांचा फोटो.

काळीकुट्ट भिंत, त्यापुढे एक म्हातारी. डोक्यावर चिंधी वाटावी असं काहीतरी. कातडी जळक्या सालीसारखी, तोंड वाकडं, एक पाय उघडा. दोन्ही हातांत पावाचा तुकडा गच्च धरलेला, कुणीतरी हिसकावून घेईल असा. डोळे नुसते चकाकताहेत.

मला ओळखायला क्षणभर लागला. मग अंगठ्याचं वाकडं नख दिसलं. ती मी होते.

वर्गात कुणीच माझ्याकडे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या खुर्चीवर मी बसले होते, तीच शाल खांद्यावर होती.

"भूक! डोळ्यांत भूक आहे हो," इंजिनिअर म्हणाले.

"मी बोललो तिच्याशी," जावई खालच्या आवाजात सांगू लागले. "दोन दिवस पोटात काही नव्हतं. मुलांनी टाकलेली बाई आहे. मी तेच शीर्षक दिलंय."

रस्त्यात एखाद्याने आपल्या अंगावर पचकन थुंकावं आणि वर लोकांनी त्याची नेमबाजी वाखाणावी, तसं मला झालं.

सर म्हणाले, "हा दारातच लावू. सर्वांत मोठा."

चहाच्या सुट्टीत जावयांनी मला जिन्यापाशी गाठलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मघापर्यंत मला वेडी आशा होती की लांबून काढलाय, बिचाऱ्यांनी ओळखलं नसेल.

"आई, आत्ता काही बोलू नका हं. नाव कुठे नाहीये तुमचं. कोण ओळखणार?"

"दोन दिवस उपाशी? त्या सकाळी तुमच्याच टेबलावर दोन अंडी खाल्ली होती मी."

"अहो, ती गोष्ट आहे नुसती. फोटोला गोष्ट लागते."

"आणि मुलांनी टाकलेली? मला लेक एकच. ती तुमची बायको. तिला प्रदर्शनाला आणणार ना? दारातच दाखवा, बघ, तू आईला टाकलंस."

"तिलाही नाही कळणार," ते म्हणाले.

शिसारी आली ती त्या वाक्याची. फोटोपेक्षा त्याची जास्त.

मी गप्प बसू शकले असते. त्यांच्या घरात राहते, त्यांच्या गाडीतून येते-जाते. मी तोंड उघडलं तर घरात चमच्यांचे आवाज तेवढे ऐकू येतील, आणि दोघांच्या मध्ये माझी पोरगी चेपली जाईल, हे मला दिसत होतं. मी चहा घेतला आणि जागेवर जाऊन बसले.

सुट्टीनंतर सरांनी सहज विचारलं, "या बाईची परवानगी घेतलीत ना?"

"हो, तिने मान हलवली," जावई म्हणाले.

"नाही हलवली," मी उभी राहिले. "ती बाई मी आहे. हे माझे जावई."

सगळे भिंतीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे बघू लागले. कुणाला पटेना. इंजिनिअर हसून म्हणाले, "आजी, थट्टा करताय!"

"जावईबापू, तुम्ही काय काय केलंत ते एकेक करून काढा. याच भिंतीवर."

"आई, घरी बोलू."

"घर तुमचं आहे. तिथे मी गप्प बसेन. तोंड माझं आहे, आणि ते इथे लावलंय."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर खांदे उडवून म्हणाले, "दाखवा, बाकीच्यांनाही शिकायला मिळेल." जावई कॉम्प्युटरपाशी बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

आधी डोळे विझले. मग सुरकुत्यांमधली काजळी गेली. कातडीवर रंग आला, चिंधीची निळी शाल झाली. ओठांच्या कडेला लाल जॅम दिसला. शेवटी त्यांनी कापलेली बाजू परत आणली, आणि तिथे पायरीवर माझा कॅमेरा होता, पट्ट्यासकट. भिंतीवर एक धडधाकट म्हातारी दाढदुखीने वैतागून पाव खात बसली होती.

"अगं बाई, या तर आपल्या आजी!" मागून कुणीतरी ओरडलं. मग हशा पिकला.

सर मात्र उठून उभे राहिले. डोळे चमकत होते. "हे तर आणखी भारी! दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावू. आणि आजी, उद्घाटनाला तुम्ही तिथेच उभ्या राहा. लोक वेडे होतील!"

"पायरी पण मांडा," इंजिनिअर म्हणाले. "पाव मी आणतो."

मला वाटलं होतं, कुणाला तरी लाज वाटेल. ते सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसे बाजारात हमालाकडे बघत होते. मी जावयांना म्हणाले, "पुसून टाका. दोन्ही."

"निर्णय कलाकाराचा," सर म्हणाले.

हा फोटो गेला की जावयांचा प्रदर्शनात एकही फोटो उरत नव्हता. तरी त्यांनी दोन्ही पुसले. भिंत पांढरी झाली, आणि सर घड्याळ बघत पुढच्या धड्याकडे वळले.

घरी आलो. दार लेकीने उघडलं. हात ओले, चेहरा हसरा. "काय, निवडला का फोटो?"

"नाही," जावई बूट काढता काढता म्हणाले. "खराब आला होता."

"कुणाचा होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात गप्प बसायचा मी शब्द दिला होता. सरळ न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि साबण लावून तोंड धुतलं. मग पुन्हा लावला. बाहेरून लेक विचारत होती, "आई, अगं, किती वेळ?" आणि मी अजून घासत होते.